बारदान कुणाच्या नावावर?

बारदान हा शब्द आजच्या शहरी घरांत फारसा कुणी उच्चारत नाही. आडत बाजारात मात्र त्यावाचून पान हलत नाही. धान्याचे पोते काट्यावर चढले की एकूण वजनातून पोत्याचे वजन वजा होते. त्या वजा होणाऱ्या पोत्याला, आणि एकूणच ज्यात माल भरून येतो त्या साऱ्या सरंजामाला, बारदान म्हणतात. पोते, गोणी, डबा, पेटी, पिंप, सगळे बारदानच.

बँकेच्या नोकरीत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझी बदली लातूरला झाली, तेव्हा या शब्दाशी माझा खरा परिचय झाला. आमची शाखा आडत्यांना माल तारण ठेवून कर्ज देत असे. महिन्यातून एकदा गोदामात जाऊन पोत्यांच्या थप्प्या मोजायच्या, वहीशी ताळा घ्यायचा आणि धुळीने माखून परत यायचे, हे माझे काम. एका पेढीवर मला दोन वह्या दिसल्या. एक तुरीची, दुसरी बारदानाची. कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती पोती गेली, किती परत आली, किती फाटकी निघाली, याची स्वतंत्र खतावणी. मी दिवाणजींना म्हटले, "रिकाम्या पोत्यांसाठी कशाला एवढी शाई घालवता?" ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, तूर विकली की ती त्याची झाली. पोतं आपलंच राहतं ना!"

अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तके वाचून बँकेत लागलेल्या मला हा मुद्दा कुणी शिकवला नव्हता. माल विकला जातो, वेष्टन विकले जात नाही. ते फक्त उसने जाते. आपल्याकडच्या व्यापाराचा हा जुना संकेत होता आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तो कधी मोडीत निघाला, हे आपल्याला कळलेही नाही.

आज आपल्या दारात रोज काहीतरी येते. पुस्तक, चार्जर, साबण, मुलीने बंगळूरहून पाठवलेला वाढदिवसाचा सदरा. परवा माझ्या कानातल्या यंत्रासाठी बॅटऱ्या मागवल्या. शर्टाच्या बटणाएवढ्या सहा बॅटऱ्या. त्या ज्या खोक्यातून आल्या त्यात माझे बूट आरामात मावले असते. आत हवा भरलेल्या प्लास्टिकच्या उशा, त्याखाली एक पाकीट, त्यात आणखी एक पाकीट. घेऊन येणाऱ्या मुलाने फोटो काढला, अंगठ्याने पडद्यावर काहीतरी दाबले आणि तो जिन्याने धावत उतरला. त्या क्षणी बॅटऱ्यांबरोबर ते खोके, ती चिकटपट्टी आणि त्या उशाही माझ्या नावावर झाल्या. मी त्या मागितल्या नव्हत्या. त्यांचे पैसे बिलात कुठेतरी मुरलेले असणार, पण वेगळी ओळ नव्हती. बारदानाची वही बंद झाली ती अशी.

एवढे मोठे खोके का, हे मला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने समजावले. तो भिवंडीच्या एका गोदामात देखरेख करतो. तिथे ठरावीक मापांचीच खोकी असतात. एक वस्तू बांधायला कामगाराला मोजके सेकंद मिळतात. नेमके माप शोधत बसला तर त्याचा दिवसाचा आकडा चुकतो. शिवाय वस्तू फुटली तर होणारे नुकसान पुठ्ठ्याच्या किमतीच्या कितीतरी पट. म्हणून मोठे खोके घ्यायचे, हवा कोंबायची आणि पुढे ढकलायचे. गंमत म्हणजे याच धंद्यात जागेचे मोल सर्वांना ठाऊक आहे. कुरिअरवाले नुसते वजन बघत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून तिला सहसा पाच हजाराने भागतात आणि येणारा आकडा किलोमध्ये धरतात. चाळीस बाय तीस बाय पंचवीसचे खोके आत पावशेर माल असला तरी सहा किलोचे ठरते. म्हणजे नेताना रिकाम्या जागेचाही हिशेब होतो. हिशेब थांबतो तो आपल्या उंबऱ्यावर.

भिवंडीचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो. मागांच्या खटखटीचे हे गाव आता गोदामांचे गाव म्हणूनही ओळखले जाते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर पण मुंबईच्या दारात, ही त्याची मूळ सोय. मानकोली, दापोडे, काल्हेर, पूर्णा या गावांच्या भातखाचरांत बघता बघता पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे हलली नाहीत. उलट आणखी मोठी झाली. पूर्वी आम्ही ज्याला ट्रान्सपोर्ट म्हणायचो त्याला आता लॉजिस्टिक्स म्हणतात, आणि तो नुसता नावातला फरक नाही. ट्रान्सपोर्टवाला माल एका पेढीतून दुसऱ्या पेढीत नेई. लॉजिस्टिक्सवाला तो थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आणतो. दुकानदार मधून गेला. आणि दुकानदाराबरोबर खोकी साठवणारी, सुतळी गुंडाळून ठेवणारी, मोठे खोके लहान गिऱ्हाइकाला फुकट देणारी मधली जागाही गेली.

ती जागा काय होती हे बँकेच्या नोकरांना विचारा. माझ्या नऊ बदल्या झाल्या. प्रत्येक बदलीला आमची मंडळी वाण्याकडून चहाची रिकामी खोकी आणत. प्लायवूडची, कडांना पत्रा मारलेली. काचेची भांडी जुन्या लुगड्यांत गुंडाळून त्यात बसवायची. नव्या गावी सामान लागले की खोकी शेजारच्या बदलीवाल्याला. आमच्या संसारातले एक खोके चार कुटुंबांबरोबर फिरले होते आणि त्यावर चार जणांची नावे खोडून लिहिलेली होती. पत्र्याच्या कडेने माझा हातही एकदा चांगलाच कापला होता, तेव्हा त्यांचे फार गुणगान करण्याचे कारण नाही.

जुन्या काळाचे सोवळे मिरवायचा माझा हेतू नाहीच. तेव्हा वस्तू परत जात याचे कारण पुण्याई नव्हे, टंचाई होती. आंब्याच्या पेट्यांसाठी झाडे तुटत आणि त्या पेट्या शेवटी बंबात जात. हमालांच्या आकड्यांनी पोती फाटत, निम्मे गोदाम उंदरांच्या नावावर असे. तरीही परत जाण्याची वाट बांधलेली होती, हे महत्त्वाचे. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीतून येई. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. मुंबईच्या डबेवाल्यांचे कौतुक देशोदेशी झाले. १८९० पासूनची त्यांची परंपरा, त्यांची अचूकता, डब्यावरच्या खुणा, सगळ्यावर लिहून झाले. पण त्यांचे निम्मे काम रिकामे डबे परत नेण्याचे आहे, हे कुणी फारसे सांगत नाही. दुपारनंतरच्या लोकलमध्ये ते जे वाहतात त्याला व्यवस्थापनाच्या भाषेत काही किंमत नाही, पण त्याच्यावाचून दुसऱ्या दिवशीची सकाळ उगवत नाही. महिन्याच्या पैशात जाणे आणि येणे दोन्ही धरलेले असते. कोविडनंतर त्यांची संख्या बरीच घटली. त्यांची जागा घेणाऱ्या अन्नाबरोबर प्लास्टिकची वाटी येते, आणि ती परत न्यायला कुणी येत नाही.

हे सगळे जुने झाले म्हणाल, तर स्वयंपाकघरात जाऊन गॅसची टाकी बघा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. टाकीवर तिचे स्वतःचे वजन रंगाने लिहिलेले असते, म्हणजे बारदान वजा करायची सोय. गळ्याजवळच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो. ती तिच्या पुढच्या तपासणीची तिमाही. टाकी आपल्या घरात असते पण आपली नसते. अनामत भरलेली असते, रिकामी दिली की भरलेली मिळते. तीस कोटींहून अधिक घरांत ही पद्धत चालू आहे, डोंगरावरच्या वाडीपासून मलबार हिलपर्यंत. तेव्हा 'आपल्या देशात असे काही जमणार नाही' हे वाक्य निदान स्वयंपाकघरात उभे राहून तरी कुणी म्हणू नये. दुधाचेच घ्या. पिशवी आपल्याकडे फेकली जाते, पण ज्या प्लास्टिकच्या क्रेटमधून ती येते तो क्रेट रोज मोजून परत जातो. क्रेट डेअरीचा, पिशवी तुमची. कंपनीला जे आपले वाटते ते ती परत नेते.

आता कुणी म्हणेल, पुठ्ठ्याचे रिसायकलिंग होतेच की! बरोबर आहे. तपकिरी पुठ्ठ्याला आपल्याकडे भाव आहे, म्हणून तो सहसा वाया जात नाही. मराठीत रद्दी आणि कचरा हे दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या भांड्यांची मोड होते, लोखंडाचे भंगार होते, कागदाची रद्दी होते, जुन्या लुगड्यावर बोहारीण पातेले देते. ज्याला भाव नाही तो कचरा. पुठ्ठा अजून रद्दीत मोडतो. तो वापीसारख्या ठिकाणच्या गिरण्यांत जातो, त्याचा लगदा होतो आणि पुन्हा खोके होते. मात्र दर फेरीला कागदाचा तंतू तुटून आखूड होतो. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात जीव राहत नाही, नवा तंतू मिसळावा लागतो. त्यासाठी आपण अमेरिका-युरोपातली रद्दी जहाजाने आणतो. लगद्याला पाणी लागते, वाळवायला वाफ लागते, वाफेला कोळसा. खोके पुन्हा वापरणे आणि खोके मोडून पुन्हा खोके करणे या दोन गोष्टी एका शब्दात कोंबल्या गेल्या आहेत, आणि त्या शब्दामुळे आपल्याला फार लवकर समाधान वाटू लागते.

आणि पुठ्ठ्याच्या भोवतीचे बाकीचे? चिकटपट्टी, बुडबुड्यांचे प्लास्टिक, करड्या रंगाची कुरिअरची पिशवी, पत्ता चिकटवलेला आणि म्हणून कोणी घेत नाही असा तुकडा. हा सरळ कचरा. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत मिठाईच्या खोक्यावरचा पातळ कागद आहे, लग्नपत्रिकेवरचा आहे, सिगारेटच्या पाकिटावरचा आहे. कुरिअरची पिशवी नाही. पेढे गुंडाळणारा हलवाई दंडाला पात्र, आणि त्याच पेढ्यांचा ऑनलाइन पुडा पाठवणारा मोकळा. दोन मोठ्या कंपन्यांनी २०२० आणि २०२१ मध्ये आपापल्या गोदामांतून असले प्लास्टिक काढून टाकल्याचे जाहीर केले, हे खरे. पण त्यांच्या दुकानावर विकणारे हजारो छोटे व्यापारी आपापल्या घरून माल बांधतात, त्यांच्यापर्यंत ते पोचले नाही.

बारदानाचा हा परतीचा प्रवास आज करते कोण? आमच्या पुण्यात तो बायका करतात. ज्या डॉ. बाबा आढावांनी पोती वाहणाऱ्यांची हमाल पंचायत उभी केली, त्यांच्याच पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत झाली. वेचकांना ओळखपत्रे मिळाली. पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत त्यांनी महापालिकेशी करार केला आणि त्या दारोदार येऊ लागल्या. पहिल्या टोकाला हमाल, शेवटच्या टोकाला वेचक. मधल्या प्रत्येकाचा पगार, कमिशन, डिझेल मालाच्या किमतीत धरलेले असते. वेचकाचे धरलेले नसते. तिला मिळते ते आपण देतो ते महिन्याचे शुल्क आणि रद्दीचा भाव. भाव पडला की तोटा तिचा. वाहतुकीच्या साखळीतली शेवटची कडी अशी कुणाच्याच पगारपत्रकावर नाही.

कायद्याने उत्पादकावर जबाबदारी टाकलेली आहे, असे सांगतात. २०१६ च्या नियमांत ती आली, २०२२ मध्ये तिची तपशीलवार चौकट ठरली. तुम्ही जितके प्लास्टिक बाजारात सोडाल त्याच्या ठरावीक हिश्शाचे रिसायकलिंग झाल्याची प्रमाणपत्रे दाखवा, स्वतः केले नसेल तर ज्याने केले त्याच्याकडून विकत घ्या. प्रमाणपत्रांचा बाजार म्हटले की माझ्यासारख्या निवृत्त बँकवाल्याचे कान टवकारतात. कागदावरचा साठा आणि गोदामातला साठा यांत किती अंतर असू शकते, हे मी बॅटरीच्या उजेडात थप्प्यांमागे डोकावून पाहिलेले आहे. बाहेर पोती रचलेली, आत पोकळ. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काही रिसायकलिंग करणाऱ्यांनी दिलेली लाखो प्रमाणपत्रे खोटी निघाली, तेव्हा मला तरी आश्चर्य वाटले नाही. शिवाय खरी प्रमाणपत्रे असली तरी त्यांत माझ्या जिन्यातून ओझे उतरवणाऱ्या बाईचे नाव कुठेच येत नाही.

राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत एक चांगली तरतूद होती. दुधाच्या पिशवीवर किमान पन्नास पैसे परताव्याची किंमत छापायची आणि रिकामी पिशवी परत घ्यायची. तुम्हाला कधी कुणी ते पन्नास पैसे दिले? मला नाही. पण कल्पना चुकीची होती असे नव्हे. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये जादा घेतात आणि रिकामी बाटली दुकानात आणून दिली की परत करतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने हे सुरू झाले, आणि पुढे इतर जिल्ह्यांतही गेले. जंगलात काचा पडत, हत्तींचे पाय कापत, म्हणून ते करावे लागले. बहुतेक बाटल्या परत येतात. पिणाऱ्याला जे जमते ते न पिणाऱ्याला जमू नये काय?

युरोपीय संघाने वेगळ्या टोकाने सुरुवात केली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आलेल्या तिथल्या नव्या नियमांनुसार २०३० पासून ऑनलाइन मालाच्या खोक्यात निम्म्याहून अधिक जागा रिकामी असता कामा नये. आणि आत कोंबलेला कागद, बुडबुडे, हवेच्या उशा यांना माल न धरता रिकामी जागाच धरायचे. हे वाचून मला लातूरच्या दिवाणजींची आठवण झाली.

माझे म्हणणे साधे आहे. बिलात बारदानाची वेगळी ओळ असावी. पाच रुपये, दहा रुपये, जे काय असेल ते अनामत म्हणून दिसावे, आणि रिकामे परत दिले की ते वळते व्हावे. परत नेणाऱ्याला त्याची मजुरी मिळावी. 'परत नेणे परवडत नाही' असे कंपन्या म्हणतात. पण सदरा घट्ट झाला तर त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी दारात हजर असतो, खूण तपासतो आणि घेऊन जातो. माल परत जाण्याची वाट त्यांनी उत्तम बांधली आहे. त्या वाटेवर बारदानाला मज्जाव आहे, इतकेच.

अर्थात सगळीकडे हे करायचे म्हणणे वेडेपणाचे होईल. टिकाऊ क्रेट जड असतो, त्याला जादा इंधन लागते, आणि तो पुष्कळ फेऱ्या झाल्याखेरीज पुठ्ठ्याच्या तुलनेत फायद्याचा ठरत नाही. नागपूरहून एक रिकामा डबा भिवंडीला पाठवण्यात काही अर्थ नाही. तिथे पुठ्ठाच बरा, फक्त मापाचा. पण दहा मिनिटांत किराणा आणून देणारे जे नवे धंदे निघाले आहेत, त्यांची कोठारे आपल्यापासून दोन-तीन किलोमीटरवर असतात. तो मुलगा दिवसभर तीच वाट तुडवतो, आणि परतताना त्याच्या पाठीवरची पिशवी रिकामी असते. इथे कापडी पिशवीची अदलाबदल न जमण्याचे एकही कारण मला दिसत नाही. रोजच्या रोज, एकाच इमारतीत, त्याच माणसाकडून.

मी एका मुलाला विचारलेही. तो म्हणाला, "काका, नेईन हो. पण तिथं घेणार कोण? आणि मला पैसे पोचवायचे मिळतात, आणायचे नाही." बीडकडचा होता. घरची सोयाबीन आहे म्हणाला. २०२४-२५ च्या हंगामात राज्यातली सोयाबीनची सरकारी खरेदी केंद्रे कित्येक ठिकाणी अडली होती, ती बारदान नाही म्हणून. त्याचे वडील ट्रॅक्टर घेऊन रांगेत होते, आणि हा इथे दिवसाला तीस-चाळीस कोऱ्या पिशव्या वाटत होता. तो हे हसत सांगत होता.

आमच्या सोसायटीत चार घरांनी सध्या एवढेच केले आहे की आलेल्या पिशव्या घडी करून मीटरच्या खोलीत ठेवायच्या. कागदी पिशव्या फाटकावरचा भाजीवाला घेऊन जातो; त्याला त्या पुरतच नाहीत. कुरिअरच्या करड्या पिशव्यांना मात्र कोणी हात लावत नाही. वेचक ताई म्हणाल्या, त्यांना भाव येत नाही, नेल्या तर मलाच ओझं. त्या भरून ठेवायला कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दोन तागाची पोती आणली होती. ती भरली. परवा वाण्याचा नोकर आला होता, पोती परत मागायला.